दोन बेटांवरच्या पाणकोंबड्या

ज्या दोन पक्ष्यांविषयी मी लिहायला बसलो आहे, त्यांतला एकही मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. ते पॅसिफिक महासागरातल्या दोन बेटांवर राहतात आणि तिथून हलत नाहीत. माझ्या थोरल्या भावाने ते दोन्ही पाहिले होते आणि भुकेच्या दिवसांत दोन्ही खाल्लेही होते. मी ते फक्त एका जाड इंग्रजी पुस्तकात पाहिले. तरीही पुढे आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवताना पाणकोंबड्यांचा धडा आला, की मला जतच्या माळावरची एक म्हातारी आठवे आणि वर्गात माझा आवाज खाली येई.

आमचे गाव उंब्रजजवळ, कृष्णाकाठी. घरात शाळेची पायरी ओलांडून पुढे गेलेला मी पहिला. मला पुढे जाता आले ते दादामुळे. तो पलटणीत गेला आणि घरी सांगून गेला, “ह्येला शिकू द्या. औताला जुपू नका.” सिंगापूर पडले तेव्हा तो जपान्यांच्या हाती सापडला. त्यानंतर लढाई संपेपर्यंत त्याची काहीच खबर नव्हती. आईने देव्हाऱ्यातला त्याचा फोटो तेवढा हलवला नाही.

तो परत आला तेव्हा मी सांगलीला कॉलेजात प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करत होतो. दादाचे खांदे उतरले होते आणि ताटातले शेवटचे शितही तो बोटाने पुसून खात असे. चार दिवस तो नुसता झोपला. पाचव्या दिवशी म्हणाला, “जतला जायचं हाय. तू चल संगं.”

जतचा एक मेंढपाळाचा मुलगा त्याच्या कंपनीत होता. लढाईत भरतीचे दार सगळ्यांनाच उघडले होते. दोघे एकत्र पकडले गेले, एकाच जहाजाच्या तळातून बेटांवर नेले गेले आणि तिथे खंदक खणत राहिले. दादा त्याला ‘गडी’ म्हणे, तो दादाला ‘पाव्हणं’ म्हणे. गडी तिकडेच तापाने गेला. तसा सरकारी कागद त्याच्या आईला मिळाला होता, पण दादाचे म्हणणे होते, “कागूद येगळा. ज्येनं माती दिली त्येनं जाऊन सांगावं लागतं.”

माझी सुट्टी होती. सर्व्हिस मोटारीने जत गाठून आम्ही उन्हातून वस्तीवर चालत गेलो. नदीकाठच्या माणसाला तो माळ बघूनच तहान लागते. कुसळे, दगड आणि मधूनच एखादी बाभळ. म्हातारी खोपटासमोर एका पांगळ्या कोकराला मांडीवर घेऊन बसली होती. तिथली सगळी तिला अव्वा म्हणत, आणि ती तरण्या माणसाला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणे. दादाने नाव-गाव सांगितले तशी तिने कोकरू खाली ठेवले, पदराने दगड झाडला आणि म्हणाली, “बस, तम्मा. त्यो तुला पाव्हणं म्हणायचा न्हवं? त्येच्या पत्रात होतं.”

दादाने सगळे सांगितले. ताप कसा आला, औषध कसे नव्हते, समुद्रापासून थोड्या उंचीवर एका झाडाखाली त्याला कसे ठेवले. ती मध्ये एकदाही रडली नाही. तो थांबल्यावर तिने एकच प्रश्न विचारला.

“धाव्याला कावळा शिवला का?”

मला वाटले दादा गप्प बसेल. कैद्यांना कसला दहावा? पण त्याने दहावा केला होता. दिवसांचा हिशेब कुणालाच राहिला नव्हता, म्हणून अंदाजाने दिवस धरला. त्या दिवशी वाट्याला आलेले उकडलेले रताळे स्वतः न खाता त्याने केळीच्या पानावर ठेवले आणि बाजूला होऊन बसला.

“कावळं होतं,” दादा म्हणाला. “आपल्यावानीच काळं, आवाज येगळा. पर लय उंच बसायचं. उपाशी मान्सं त्यास्नी बी मारून खायाची, म्हून खाली उतरत न्हवतं. आमी लय येळ बसलो. शिपाई वरडाय लागला. म्या गड्याला सांगितलं, तुझ्या आयला म्या स्वता जाऊन भेटीन. तवा रानातनं एक पाखरू आलं आन् त्येनं निवद घेतला.”

“कसलं पाखरू?”

“आमच्या नदीला पाणकोंबडी आसती, तसलं.”

“म्या न्हाई बगितली. हितं पाणीच न्हाई तर पाणकोंबडी कुठली?” तिने कोकरू पुन्हा मांडीवर घेतले. “उडतंय न्हवं?”

“उडतंय की.”

“मग बरं. तू म्हंतोस भवतीनं समिंदर. उडणारंच पायजे. चालणाऱ्याच्यानं काय हुतंय?”

तिच्या बोलण्यात हट्ट नव्हता. आपल्याकडे सगळेच तसे मानतात. जो पक्षी निवदाला शिवतो तो गेलेल्या माणसाचा जीव सोडवून नेतो. तिच्या मुलाचा जीव समुद्रापलीकडे अडकला होता आणि तो तिथून निघाला की नाही, एवढेच तिला हवे होते. निघाला हे ऐकल्यावर तिने आम्हाला भाकरी आणि हुलग्याच्या पिठाचे पातळ माडगे वाढले. आम्ही निघताना ती दादाला म्हणाली, “आज झोप लागंल मला, तम्मा.”

गोष्ट इथेच संपती तर बरे झाले असते.

गावी परतल्यावर दोन-तीन दिवसांनी आम्ही दोघे नदीवर म्हशी धुवायला गेलो होतो. कुणाच्या तरी कुत्र्याने काठच्या लव्हाळ्यात उडी घेतली आणि आतून एक पाणकोंबडी निघाली. पांढऱ्या छातीची, आमची नेहमीची. ही पाखरे दिवसभर चिखलातून तुरुतुरु चालतात, इतकी की यांना उडता येत नसावे असे वाटते. पण कुत्रे अंगावर आले तशी ती उठली आणि पाय लोंबकळत ठेवून, पाण्याच्या जरा वरून, कशीबशी पलीकडच्या काठाला गेली.

दादा म्हशीच्या पाठीवर हात ठेवून तसाच उभा राहिला.

“काय झालं?” मी विचारले.

“त्येला म्या उडताना कवा बगितलं न्हाई.”

“कुणाला?”

“तितल्या पाखराला. आमी त्यास्नी पळून धरायचो रं. तितली मान्सं कुत्री घालायची. एक बी पाखरू उडालं न्हाई. उडालं आसतं तर आमच्या हाताला लागलं आसतं व्हय?” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “म्या म्हातारीला हितली पाणकोंबडी डोळ्याम्होरं धरून सांगितलं. जे हितं उडतंय ते तितं बी उडत आसंल, आसं धरून चाललो. तू पाखरांचंच शिकतोस न्हवं? बग की पुस्तकात.”

दादाने मला शिकवले त्याबद्दल त्याने माझ्याकडे कधी काही मागितले नव्हते. हे पहिले मागणे. मला त्याचा आनंदच झाला, हे आज लिहिताना विचित्र वाटते.

सांगलीला आमचे प्राणिशास्त्राचे सर कडक होते. प्रॅक्टिकलला पेन्सिलीला टोक नसेल तर वर्गाबाहेर काढत. त्यांच्या कपाटात पक्ष्यांवरचे जाड ग्रंथ होते आणि ते विद्यार्थ्यांना मिळत नसत. मी दोन दिवस दारापाशी घुटमळलो. तिसऱ्या दिवशी तेच म्हणाले, “काय हो, तुम्हाला काही सांगायचंय की दरवाजाला टेकू द्यायला उभे आहात?”

मी म्हणालो, “सर, पॅसिफिकमधल्या बेटांवरच्या पाणकोंबड्यांविषयी वाचायचं आहे.”

“परीक्षेला नाही ते.”

“माहीत आहे, सर.”

“मग?”

मी आधी चाचरलो. शिकल्यासवरल्या माणसापुढे कावळा शिवण्याची गोष्ट काढायची लाज वाटत होती. पण खोटे कारण सुचेना, म्हणून सगळे सांगून टाकले. सर हसले नाहीत. त्यांनी किल्ली काढली, एक ग्रंथ टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “हात धुऊन या. आणि इथेच बसून वाचायचं.”

सुटकेनंतर गोऱ्या सैनिकांकडून दादाने दोन्ही बेटांची नावे ऐकली होती. पहिले न्यू ब्रिटन, दुसरे बुगनविल. मी डिक्शनरी मांडीवर घेऊन बसलो. आठवडाभर रोज कॉलेज सुटल्यावर वाचले. आमच्या पाणकोंबडीच्या कुळातल्या, ज्यांना इंग्रजीत रेल म्हणतात, त्या पक्ष्यांच्या कितीतरी जाती अशा एकेकट्या बेटांवर आहेत. मला दोघींशीच काम होते.

न्यू ब्रिटनची पाणकोंबडी आपल्या गावठी तलंगेपेक्षा, कोवळ्या कोंबडीपेक्षा, थोडी लहान. डोके आणि मान विटकरी, पाठ तपकिरी, आणि गळ्यापासून पोटापर्यंत काळे-पांढरे आडवे पट्टे, जसे घोंगडीच्या काठाला असतात. पाय मात्र गुलाबी, लालसरच म्हणा. ओरडते तेव्हा डुक्कर किंचाळल्यासारखे वाटते, असे लिहिले होते. बुगनविलची तशीच बांध्याची, पण जवळजवळ सगळी काळपट, नीट बघितल्याशिवाय पट्टे दिसू नयेत अशी. दोघी दाट रानात जमिनीवर राहतात, दोघी किडे, गोगलगायी, पडलेली फळे खातात. चित्रे शेजारी शेजारी ठेवली तर दोघी एका घरच्या मुली वाटतात, एक सणाला नटलेली आणि एक सुतकात असल्यासारखी.

मला जे हवे होते ते पंखांच्या परिच्छेदात होते. पहिलीविषयी त्या ग्रंथात स्पष्ट लिहिले होते की तिला उडता येत नाही. दुसरीविषयी लेखक अडखळला होता. पंख दुबळे आहेत, उडत नसावी, पण अडचणीत सापडली तर थोडीफार फडफडत जाते की काय हे सांगता येत नाही, असा काहीसा मजकूर होता.

मी सरांना विचारले, “सर, पाणकोंबडी असून उडत का नाही?”

त्यांनी कपाटातून कबुतराचा सांगाडा काढला. छातीच्या हाडावरची उभी धार मला बोटाने चाचपायला लावली. उडण्याचे स्नायू त्या धारेला धरलेले असतात. “बेटावरच्या रेलमध्ये ही धार अगदी बसकी होते,” ते म्हणाले. “यांचे पूर्वज उडतच आले असणार. वादळात सापडले असतील, वाट चुकले असतील. बेटावर मागे लागणारं जनावर नाही, खायला पायाशी. मग पंख कशाला पोसायचे? जे आले त्यांना उडता येत होतं. त्यांच्या वंशाला परत जाता येत नाही.”

“थोडंसुद्धा नाही? समजा, एक खाडी ओलांडायची असेल?”

सरांनी सांगाडा जागेवर ठेवला. “त्या पहिलीला तुमची कृष्णासुद्धा ओलांडता यायची नाही.” मग कपाट लावता लावता म्हणाले, “नैवेद्याला शिवलेली ती दुसरी असू दे.”

गडी कोणत्या बेटावर गेला हे मी दादाला विचारले नव्हते. म्हणून माझा सगळा भरवसा त्या काळपट पाखरावर होता. आम्हा प्राणिशास्त्राच्या मुलांना चित्रे काढावीच लागत. मी बटर पेपरवर दोन्ही पक्षी गिरवून घेतले, प्रॅक्टिकलच्या रंगांनी रंगवले आणि दिवाळीला घरी नेले. काळपट पाखराचे चित्र मी वर ठेवले होते.

दादाने ते बघितले. “व्हय, ह्ये बी होतं. दुसऱ्या बेटावर. लय लाजरं. लांबूनच पळायचं.” मग त्याने ते उचलून खालचे चित्र घेतले. गुलाबी पायांवर त्याचे बोट होते. “ह्येच. ह्येच आलं होतं. तांबडं पाय, पोटावर पट्टं. डुकरावानी वरडायचं, आमी पयल्यांदा रानडुक्कर समजून काठ्या घिऊन धावलो होतो.” तो हसला, आणि मग माझा चेहरा बघून थांबला. “काय लिवलंय?”

मी सांगितले.

आई चुलीपुढे करंज्या तळत होती. तिने ऐकले होते. ती म्हणाली, “मग आता गप ऱ्हावा. म्हातारी निवांत हाय, तिच्या जिवाला घोर लावू नगासा.”

मलाही तेच वाटत होते. मी म्हणालो, “दादा, तू काही जाणून खोटं बोलला नाहीस.”

“बोललो न्हाई, पर खोटं पडलं न्हवं?”

“तिला कळणार कसं?”

“तिला न्हाई कळणार. गड्याचं काय?” दादाने चित्र खाली ठेवले. “त्यो तितंच अडाकला आसंल आन् हितं सगळी म्हंत्यात सुटला. मग त्येच्यासाठनं कोण काय करणार? म्हातारीला ठावं आसलं तर ती दुसरा निवद ठेवील. तिचा हात फिरला तर कावळा यील बी. ठावंच नसलं तर त्यो कायमचा तितं.”

आईने झाऱ्यातल्या करंज्या निथळून ताटात काढल्या आणि ती म्हणाली, “जावा तर मग. करंज्या घिऊन जावा तिला.”

दिवाळी झाल्यावर आम्ही पुन्हा जतला गेलो. या वेळी अव्वाने आम्हाला लांबूनच ओळखले. ते पांगळे कोकरू आता मोठे झाले होते आणि तीन पायांवर तिच्यामागे हिंडत होते. तिने करंज्या घेतल्या, आईची विचारपूस केली. दादाने माझ्याकडे बघितले. मी चित्र तिच्या हातात दिले आणि शक्य तितक्या साध्या शब्दांत सांगितले.

तिने चित्र उलटे धरले होते. मी सरळ करून दिले.

“तू शिकल्याला हाईस,” ती म्हणाली. “खरं हाय ह्ये?”

“व्हय, अव्वा.”

“आजाबात उडत न्हाई?”

“न्हाई.”

“आन् दुसरं म्हंतोस ते?”

“ते थोडं उडत असेल. नक्की कुणालाच माहीत नाही.”

“पर त्येनं निवद घेतला न्हाई.”

“न्हाई, अव्वा.”

मला पुस्तकाबद्दल, सरांबद्दल, माझ्या शिक्षणाबद्दल त्या वेळी जी कृतज्ञता होती ती आजही आहे. पण आमच्या माणसांना माझ्या शिक्षणाची पहिल्यांदा गरज पडली आणि त्यातून मी तिला हेच काढून दिले, हे त्या दुपारी कळले. ती चित्राकडे बघत होती. शेवटी म्हणाली, “तांबडं पाय छान हाईत.” आणि ते घडी घालून कनवटीला लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चूल पेटवली. गड्याला आवडायची तशी जाड भाकरी आणि माडगे केले. वस्तीपासून थोड्या अंतरावर एक सपाट दगड होता, त्यावर निवद ठेवला आणि आम्ही सगळे लांब जाऊन बसलो. वस्तीवरची पाच-सहा माणसेही आली. बाभळीवर कावळे होते. ओरडत होते, माना वाकड्या करून बघत होते, पण एकही उतरेना.

उन्हे चढली. वस्तीवरचा एक म्हातारा दगडाकडे तोंड करून म्हणाला, “कशापायी रुसलास रं? अव्वाला बगतो आमी. यी की.” कावळे हलले नाहीत. दादा उठून पुढे गेला. “गड्या, म्या वरसाला हिकडं यीन. शबूद देतो.” एक कावळा खालच्या फांदीवर आला. तो पुन्हा वर गेला.

“गवताचा कावळा करून शिवीव, अव्वा,” म्हातारा म्हणाला. “चालतंय तसं. समदी करत्यात.”

ती त्याच्याकडे वळली. “गवताचा कावळा तरी उडतोय व्हय रं? एकदा न उडणारं झालं की. आता पुन्यांदा?”

मी खाली बघत बसलो. तेवढ्यात कुडाच्या मागून तिची एक कोंबडी बाहेर आली. गावठी, तपकिरी, मानेवरची पिसे गेलेली. माती उकरत, इकडेतिकडे टोचत ती हळूहळू दगडाकडे निघाली. वस्तीवरच्या एका बाईने खडा उचलला. दादा हाकलायला उठला, “हाऽऽ हाऽऽ” करत दोन पावले गेलाही.

“बस, तम्मा,” अव्वा म्हणाली. “खाऊ दे तिला.”

“आवं अव्वा, कोंबडी हाय ती.”

“दिसतंय मला. त्येला आता चालणारीच पाखरं गावत्यात, त्याला तू काय करणार?” तिचा आवाज कोरडा होता. मग ती उठून दोन पावले पुढे गेली आणि कोंबडीजवळ लेकाला निरोप द्यावा तसे म्हणाली, “चालत यी म्हणावं. लांब हाय, तरी यी म्हणावं. म्या हाय तवर वाट बगते.”

दादा उभा होता तो तसाच उभा राहिला. बाईने हातातला खडा खाली टाकला. कोंबडीने भाकरी टोचून टोचून खाल्ली, दगडावर चोच दोन्ही बाजूंनी पुसली आणि आली होती तशीच, पाय उचलत, माळावरून चालत गेली.